मधुमेहाची लक्षणं: दंडाला पट्टा बांधताना विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी गेली सोळा वर्षं रक्त काढतो. सकाळी सात ते साडेनऊ उपाशीपोटी आलेल्या मंडळींची रांग असते, आणि दंडाला रबरी पट्टा बांधला की माणूस बोलायला लागतो. कुणी सुईच्या भीतीने, कुणी डॉक्टरांसमोर विचारायचं राहून गेलं म्हणून. प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तपासून दिली आहेत. गोळी कोणती आणि किती हे मात्र मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

लक्षणं कोणती, एका दमात सांगा.

वारंवार आणि भरपूर लघवी, न भागणारी तहान, वाढलेली भूक, खाऊनपिऊन उतरणारं वजन, थकवा, अंधुक दिसणं, लवकर न भरणाऱ्या जखमा, पुन्हा पुन्हा येणारी गळवं, लघवीच्या जागी खाज, पायांना मुंग्या. झालं.

यादी पाठ असून फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत झालंय. कारण यातल्या प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे दुसरं कारण आधीच तयार असतं. तहान? ऊन किती आहे! थकवा? ऑफिस. अंधुक दिसतंय? मोबाइल. लघवी? वय झालं. खाज? साबण बदलला. एकेक कारण अगदी पटण्यासारखं असतं, आणि म्हणूनच ही चार-पाच कारणं एकाच माणसाकडे एकाच महिन्यात जमली आहेत हे ना त्याच्या लक्षात येतं, ना घरच्यांच्या.

साखरेचा आणि लघवीचा काय संबंध?

आपली मूत्रपिंडं रक्तातली साखर सहसा बाहेर जाऊ देत नाहीत, गाळून परत रक्तात घेतात. पण साखर दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की त्यांचा आवाका संपतो आणि ती लघवीत उतरते. उतरताना पाणी सोबत ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून अंगातलं पाणी कमी, म्हणून तहान. आणि इन्सुलिन कमी पडल्यामुळे साखर पेशींच्या आत जात नाही, म्हणून रक्तात साखर खच्चून भरलेली असताना अंग मात्र उपाशी: थकवा, भूक, उतरलेलं वजन. दारात धान्याचा ट्रक उभा, पण गोदामाची किल्ली हरवलेली, तसं.

रात्री तीनदा उठावं लागतं. प्रोस्टेट असेल ना?

असेलही. साठीनंतर दोन्ही एकत्र असायलाही हरकत नाही. मी एकच उलट प्रश्न विचारतो: प्रत्येक वेळी होते किती? प्रोस्टेटच्या त्रासात घाई होते, पण धार बारीक, अडखळत, आणि शेवटी जेमतेम. साखरेत दर वेळी भरपूर होते, आणि परत येताना माणूस पाणी पिऊनच आडवा होतो. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "आधी उशाशी तांब्या ठेवायचे, आता कळशी ठेवते." त्यांच्या गुडघ्यांच्या तपासण्यांसोबत शुगरही करून घेतली, तेव्हा ती तीनशेच्या पुढे होती.

मे महिन्यात सगळ्यांनाच तहान लागते. ओळखायचं कसं?

उन्हाळ्यात पाणी घामावाटे जातं. तेव्हा तहान वाढते, पण लघवी कमी आणि गडद होते. साखरेची तहान वेगळी: पाणीही जास्त आणि लघवीही जास्त. शिवाय पाणी पिऊन दहा मिनिटांत तोंड परत कोरडं. अशा वेळी उसाचा रस, कोकम सरबत, थंड पेयाची बाटली असा मारा सुरू झाला तर साखर आणखी चढते आणि तहान आणखी लागते.

वजन आपोआप उतरतंय, हे चांगलं नाही का?

प्रयत्न करून उतरलं तर चांगलं. एक गृहस्थ रोज पर्वती चढायचे. दोन महिन्यांत आठ किलो कमी झाले म्हणून स्वारी खूश होती, मित्रांना सल्ले देत होती. बाही वर करताना त्यांचा कमरेचा पट्टा दिसला. खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं, आणि पट्ट्याचं टोक पार पाठीकडे गेलेलं. पर्वती ते गेली सहा वर्षं चढत होते, मग वजन याच दोन महिन्यांत का उतरावं, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. खाणं तेवढंच किंवा जास्त आणि कपडे सैल, हे जुळलं तर शुगर तपासा. उतारवयात नव्याने मधुमेह आणि झपाट्याने उतरणारं वजन एकत्र दिसलं, तर डॉक्टर कधी कधी स्वादुपिंडाचीही तपासणी सांगतात. ती टाळू नका.

मी तर बारीक आहे. मला कशी होईल?

या प्रश्नाचं उत्तर खास पुण्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा शेजारी शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो बीएमआय, दोघांचाही सारखाच होता: २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आसपास.

आणि याची सुरुवात जन्मापासून आहे. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं हडकुळी, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. तेव्हा "आमच्याकडे कुणी जाड नाही" हा दाखला माझ्या टेबलावर चालत नाही. वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा: पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा.

मला काहीच होत नाही, तरी शुगर आली. रिपोर्ट चुकला असेल का?

क्वचित चुकतोही, म्हणून त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून पक्कं करतात. पण काहीच न होणं हाच सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. १८० च्या खाली साखर लघवीत उतरत नाही, आणि मधुमेह म्हणायची रेषा उपाशीपोटी १२६ ला आहे. मधल्या पट्ट्यात माणूस काही वर्षं आरामात काढतो, ना तहान ना काही. पायाच्या नसा आणि डोळ्याचा पडदा मात्र तेवढ्यात खराब व्हायला लागलेले असू शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत, जिचे आकडे २०२३ मध्ये आले, देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व स्थिती असल्याचा अंदाज होता. एवढ्या सगळ्यांना तहान लागत असती तर लॅबबाहेरची रांग स्वारगेटपर्यंत गेली असती.

मुलीची मान काळी पडली आहे. घासून जात नाही.

घासू नका, तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर त्वचा काळपट, जाड आणि हाताला मखमलीसारखी लागते. सोबत मानेवर बारीक मऊ चामखिळी. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की त्याचं प्रमाण रक्तात वाढतं, त्याची ही खूण. हिचा अर्थ आज मधुमेह आहेच असा नाही, पण तो रस्त्यात असू शकतो. पाळी अनियमित असलेल्या मुलींमध्ये हे बरेचदा दिसतं. आयांनी डाळीचं पीठ, लिंबू, दगड सगळं वापरून झालेलं असतं. लिंबाने त्या पोरीची मान सोलवटून निघाली होती, तेव्हापासून मी हा प्रश्न यादीत आवर्जून ठेवला आहे.

चश्म्याचा नंबर सारखा बदलतोय.

साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-ओसरतं, आणि नंबर त्याबरोबर हलतो. लक्ष्मी रोडवर नवा चष्मा करायला टाकण्याआधी शुगर पाहा. वाढलेली निघाली तर ती काही आठवडे स्थिर होईपर्यंत नंबर काढू नका, नाहीतर तो चष्मा दिवाळीपर्यंतही चालणार नाही. पडद्याची तपासणी वेगळी. ती बाहुली मोठी करणारे थेंब घालून करतात आणि टाइप २ चं, म्हणजे मोठ्यांना होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचं, निदान झाल्यावर लगेच एकदा करायची असते.

पायांना मुंग्या येतात. हेच ना लक्षण?

मांडी घालून बसल्यावर येतात आणि पाय झटकल्यावर जातात त्या नव्हेत. साखरेच्या मुंग्या दोन्ही तळव्यांना, बोटांपासून सुरू होतात, रात्री अंथरुणात जास्त. कुणाला आग होते, कुणाला कापसावर चालल्यासारखं वाटतं. पण मला भीती मुंग्यांची नाही, त्या थांबून पाय बधिर होण्याची वाटते.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात असते, माउलींची भवानी पेठेत. मुक्कामाच्या दिवशी आम्ही काही जण मोफत तपासणीचं टेबल लावतो. एका वर्षी एक आजोबा बसले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "माउली, दुसरी कुठाय?" म्हटलं, तर खाली पाहून स्वतःच चकित झाले. चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. पाय पुसला तर तळव्यात बाभळीचा काटा, अर्ध्या बोटाएवढा, आणि भोवती पांढरी पडलेली कातडी. दुखतंय का विचारलं, तर "नाय बा" म्हणाले. बोटाला टोचून मशीनवर साखर पाहिली, ३४० च्या आसपास. त्यांना शेजारच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत ते मला सांगत होते की सासवडला पोचायला उशीर होईल.

चालताना पायातली चप्पल निसटते आणि समजत नाही, हे लक्षण कुणी आपणहून सांगत नाही. तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

आणि लघवीला लागणाऱ्या मुंग्या?

मधुमेह हे नावच मधासारख्या गोड लघवीवरून आलंय. चरकसंहितेतही प्रमेहाच्या आधीच्या खुणांमध्ये मुंग्यांचा उल्लेख आहे. मुंग्या लागल्या तर जरूर तपासा. पण लागत नाहीत म्हणून साखर नाही, असं समजू नका. साखर १८० च्या खाली असेल तर मुंगीला तिथे मिळणार काय? शिवाय फरशी आणि फिनेलच्या जमान्यात बिचारी येणार कुठून. उलट हल्ली मधुमेहाच्या काही गोळ्या मुद्दाम साखर लघवीतून काढून टाकतात. त्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर दिसणारच.

खाज, जखमा, गळवं यांचं काय?

लघवीच्या जागी सारखी खाज किंवा पांढरा चिकट थर, पुरुषांमध्ये पुढची कातडी लाल होऊन चिरणं, हे बुरशीमुळे होतं, आणि बुरशीला साखर आवडते. लोक वर्षभर मेडिकलमधून मलम आणून लावतात, कारण सांगायची लाज. मलमाने जातं आणि महिन्याने परत येतं, असं दोनदा झालं की शुगर पाहायची. दाढी करताना झालेली जखम दोन-तीन आठवडे रेंगाळली, हिरड्या सुजून दात हलायला लागले, तरी तेच.

जेवल्यावर झोप येते आणि गोड खावंसं वाटतं. शुगर असेल?

दुपारी एक ते चार पुण्यात कुणाला झोप येत नाही? नुसत्या तेवढ्यावरून काही म्हणता येत नाही.

हात थरथरले, घाम आला. शुगर वाढली का?

बहुतेक उलट. थरथर, घाम, धडधड, एकदम कडाडून भूक ही साखर कमी झाल्याची लक्षणं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये ती दिसतात. मशीनवर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी परत पाहा. मशीन हाताशी नसेल तर आधी साखर घ्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

लहान मुलांना होतो का?

होतो, आणि तिथे वाट पाहायची नसते. टाइप १ मध्ये इन्सुलिन जवळजवळ बंदच पडतं, लक्षणं काही दिवसांत-आठवड्यांत वाढतात. रात्री गादी ओली करायचं सोडलेलं मूल पुन्हा ओली करू लागतं. शाळेतली बाटली अकरालाच रिकामी होते, बाईंची तक्रार येते की सारखा बाहेर जायला मागतो. चेहरा उतरतो. "दात येतायत", "परीक्षेचं टेन्शन", "जंत झालेत" असं म्हणत दिवस जातात. पुढे पोटदुखी, उलट्या, जोरजोरात खोल श्वास आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, तर रात्र असो की गणपती विसर्जनाची मिरवणूक असो, थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये. तिथे पहिल्यांदा सांगायचं, "शुगर बघा." १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, त्याआधी अशी मुलं वाचत नव्हती. आता वाचतात, शिकतात, संसार करतात. वेळेत पोचायला हवं एवढंच.

गरोदरपणी काही जाणवतं का?

बहुधा काहीच नाही. तहान आणि लघवी तर गरोदरपणात असतेच. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पहिल्या तपासणीत एकदा आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांत एकदा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी नसलात तरी चालतं. १४० किंवा जास्त आलं तर उपचार लागतात. बाळंतपणानंतर साखर उतरली, तरी या ताईंनी सहा आठवड्यांनी आणि पुढे ठरावीक काळाने तपासत राहायचं. हे मात्र बाळाच्या गडबडीत हमखास राहतं.

तपासणी कोणती करू? आकडे सांगा.

उपाशीपोटी: १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ मधुमेहपूर्व, १२६ किंवा जास्त मधुमेह. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: १४० च्या खाली ठीक, २०० किंवा जास्त मधुमेह. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी: ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा जास्त मधुमेह. लक्षणं स्पष्ट असतील आणि कधीही घेतलेल्या रक्तात २०० च्या वर आली, तर तेवढंही पुरतं.

एचबीए१सीला उपाशी यावं लागत नाही. पण रक्त कमी असेल, लोह कमी असेल, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा अंश असेल तर तो आकडा फसवू शकतो. तेव्हा साधी फास्टिंग सोबत करा.

उपाशीपोटी म्हणजे नक्की काय? चहा चालतो?

नाही. बिनसाखरेचाही नाही. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास फक्त पाणी. एका एकादशीला एक मावशी साडेनऊला आल्या. "काही खाल्लं नाही ना?" "छे, उपास आहे." रक्त काढून झालं, कापूस दाबून बसल्या आणि शेजारणीला सांगू लागल्या की आज साबुदाणा काय मोकळा झाला होता! ती करड्या झाकणाची ट्यूब बाजूला ठेवून मी त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. तेव्हापासून मी "उपास आहे का" विचारत नाही, "सकाळपासून तोंडात काय गेलं" विचारतो.

जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आणि आदल्या दिवशी भात-पोळी सोडून काकडीवर राहू नका. आम्हाला नेहमीच्या दिवसाची साखर हवी असते.

घरच्या मशीनवर बघितलं तर?

औषधं घेणाऱ्याला रोजच्या अंदाजासाठी उत्तम, निदानासाठी नाही. त्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक धरलेलाच असतो. आणि हात साबणाने धुऊन, पुसून मगच टोचा. हापूस कापून झाल्यावर एका काकांनी बोट पुढे केलं, मशीनने ३१० दाखवलं, घरात रडारड. हात धुऊन पुन्हा घेतलं तर १२८. पट्ट्यांच्या डबीवरची तारीखही बघा, आणि डबी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडी ठेवू नका.

कधीपासून आणि कुठे तपासायचं?

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा. आई-वडिलांपैकी कुणाला असेल, पोट सुटलं असेल, रक्तदाब असेल, गरोदरपणी साखर वाढली असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील, तर तिशीची वाट पाहू नका. तीस वर्षांपुढच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये मोफत होते. तिथे जा, आमच्याकडेच या असं मी म्हणणार नाही. मालकांनी हे वाचलं तर वाचू दे.

रिपोर्ट कधी मिळेल? आणि घरी सांगणार नाही ना?

संध्याकाळी सहानंतर, फॉर्मवर लिहिलेल्या मोबाइलवर येतो. आम्ही कुणाला वेगळा फोन करत नाही. पण बरेच जण सवयीने मुलाचा किंवा सुनेचा नंबर लिहितात, आणि बाहेर पडताना हळूच मागे वळून म्हणतात, "त्यांना कळवू नका हं." मग फॉर्म परत मागा. नवा देतो, पेन टेबलावरच दोरीला बांधलेलं आहे.